पेल्टियर लावल्यापासून प्रोसेसरच्या प्लेटला पाणी सुटतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

देवगडजवळ राहतो, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. मे महिन्यात कामाला उसंत नसते. कॉम्प्युटर माळ्यावर, वर कौलं, दुपारी खोलीत ३३-३४ अंश. सहा कोअरचा ६५ वॅटचा रायझन प्रोसेसर आहे. रेंडर लावला की दहा मिनिटांत ९०च्या घरात जातो, मग वेग पडतो आणि दोन तासांचं काम साडेतीन तासांवर जातं.

म्हणून टीईसी१-१२७०६ ही पेल्टियरची चकती आणली, वीज दिली की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी, तिच्यावर चकतीची थंड बाजू, गरम बाजूला मोठा ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि १२० मिमीचे दोन पंखे. चकतीला वेगळा १२ व्होल्टचा सप्लाय.

दोन गोष्टी कळत नाहीयेत. रेंडर चालू असताना तापमान पूर्वीपेक्षा जास्तच जातं, ९३. आणि काम संपवून मशीन नुसतं चालू ठेवलं की पट्टी गार पडते. काल रात्री टॉर्च मारून पाहिलं तर पेस्टच्या कडेला मोहरीएवढे थेंब ओळीने बसले होते, एक घरंगळत सॉकेटच्या क्लिपपर्यंत आला होता. लगेच वायर काढली. मशीन हप्त्यावर घेतलंय, बोर्ड गेला तर सीझन गेला. चकती बदलू की सप्लाय मोठा घेऊ?

सोल्डरवाला:
दादा, सप्लाय वाढवू नका. चकतीच्या नावातच सगळं आहे: आत सेमीकंडक्टरच्या १२७ जोड्या, ६ अँपिअर. दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असेल तेव्हाच ती जेमतेम ५०-६० वॅट उष्णता ओढते, फरक वाढेल तशी कमी. तुमचा प्रोसेसर भर लोडला ६५च्या वर जातो. वर चकती स्वतः ६० वॅटच्या आसपास वीज खाते, तीही उष्णता होऊन त्याच हीटसिंकवर येते. म्हणजे जो हीटसिंक ६५ वॅट टाकणार होता त्याच्यावर तुम्ही सव्वाशे टाकलेत. गरम बाजू तापली की थंड बाजूही वर चढते. तुमचे ९३ तिथूनच आले.

खाडीकाठ:
पाण्याचं मी सांगते, मी वेंगुर्ल्याची, आमच्याकडेही हीच हवा. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २८ अंशांवर येतो. पट्टी त्याखाली गेली की थेंब धरणारच. लोड नसताना प्रोसेसर थोडीच उष्णता देतो आणि चकती मात्र पूर्ण जोराने ओढत राहते, म्हणून तुम्हाला पाणी रात्री दिसलं. थोडक्यात, आपल्याकडे हवेपेक्षा चारच अंश खाली जायला जागा आहे. तेवढ्यासाठी ६० वॅट जाळायचे?

देवगड (धागाकर्ता):
ताई, हे लक्षातच आलं नव्हतं. मग रिले लावून पट्टी ३० अंशांवर आली की चकती बंद केली तर?

सोल्डरवाला:
नको. बंद चकती म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये घातलेली गोधडी. लाईटच्या झटक्यात तो सप्लाय एकटा बसला तरी तेच होईल. चकती वापरायचीच असेल तर व्होल्टेज कमी-जास्त करणारा कंट्रोलर हवा, सॉकेटभोवती निओप्रिन (फोमसारखं रबर) हवं, आणि कडा बंद करायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. माझं मत विचाराल तर चकती काढा, हीटसिंक थेट बसवा.

खाडीकाठ:
आणि त्याच्या पात्या बघा. खाऱ्या वाऱ्याने पांढरी पूड धरली असेल तर आधी गोड्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. माझ्याकडे पात्यांमध्ये धूळ आणि मीठ मिळून वाटीभर निघालं होतं.

देवगड (धागाकर्ता):
चकती काढली. पात्यांमध्ये खरंच पांढरा थर होता, दाताच्या ब्रशने घासला. सॉकेट कोरडं होतं, नशीब. हीटसिंक थेट बसवला, नवी पेस्ट, तेच दोन पंखे. दुपारी दोन वाजता, भर उकाड्यात, अख्खा रेंडर ७९वर गेला. सोल्डरवाला, खाडीकाठ, मनापासून आभार. कुडाळच्या लग्नाचा व्हिडिओ आज रात्रीच देतो.