मदत हवी आहे: ऑफ-रोड मोटारसायकलची कंपनी बदलावी का?

गेली सहा वर्षे मी एकाच कंपनीची ऑफ-रोड मोटारसायकल वापरतो आहे. पुण्याजवळच्या वेल्हे, केळद, मढे घाट या वाटा तिच्यावरच शिकलो, त्यामुळे तिच्यात जीव अडकला आहे. मात्र पुढच्या शॉकअपचे ऑइल सील (आतले तेल रोखणारी रबरी कडी) वर्षभरात तिसऱ्यांदा गळू लागले असून, चिखल पुसताच नळीवर तेलाचे कडे दिसते, आणि सुटे भाग मिळायला महिना जातो. बदलायचीच झाली तर दोन गाड्या डोळ्यासमोर आहेत: हीरोची एक्सपल्स 200 4व्ही सुमारे 160 किलोची, तर रॉयल एनफील्डची हिमालयन 450 ही 196 किलोची. पुढचे चाक दोन्हींचे 21 इंची. निसरड्या चढावर आडवी झालेली गाडी एकट्यालाच उचलावी लागते, म्हणून मला ताकदीपेक्षा वजन महत्त्वाचे वाटते. पुण्यात या गाड्या पावसाळ्यात कच्च्या वाटांवर चालवणाऱ्यांनी सस्पेन्शनचा टिकाऊपणा आणि सुट्या भागांची उपलब्धता यांविषयी कृपया आपला अनुभव सांगावा. की जुनीच गाडी नीट दुरुस्त करून घ्यावी?