मदत हवी आहे : माजी विद्यार्थ्यांची कायम ठेव कुणाच्या नावावर ठेवावी?

आमची शाळा तालुक्याच्या गावची, खासगी अनुदानित. १९९१ च्या दहावीच्या तुकडीतले आम्ही काही जण दर दिवाळीच्या सुट्टीत तिथे गणिताचे जादा तास घेतो. प्रयोगशाळेतली वाळवी लागलेली टेबलंही बदलून दिली. वस्तू देणं सोपं असतं, पावती घेतली की झालं. आता पाच लाखांची कायम ठेव ठेवून व्याजातून गरजू मुलींना एसटीचा पास आणि अकरावीची फी द्यायची आहे. घोडं इथंच अडलंय.

शाळा चालवणारी संस्था म्हणते, पैसे आमच्या खात्यात भरा, पावती देतो. पण यापूर्वीची एक देणगी सर्वसाधारण खर्चात कधी विरघळली ते कळलंच नाही. भांडण नकोय, शाळा आमचीच आहे. मुख्याध्यापकांच्या नावाने खातं काढायला गेलो, तर बँकेने संस्थेचा ठराव मागितला. सीए म्हणतात, १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली वेगळा न्यास नोंदवा. पण दरवर्षीचं ऑडिट, हिशोब कोण बघणार? आम्ही सगळे पुण्या-मुंबईत. एका मैत्रिणीकडे अमेरिकेचं नागरिकत्व आहे, एफसीआरएमुळे (परदेशी देणग्यांवरचा कायदा) तिचे पैसे सध्या बाजूलाच ठेवलेत. ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, नसली तरी चालेल.

संस्थेलाच रक्कम दिली, पण 'मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज फक्त याच कामासाठी' अशी अट घालून, तर ती पुढच्या कार्यकारिणीवरही बंधनकारक राहते का? कुणी असं केलं असेल तर देणगीपत्रात आणि संस्थेच्या ठरावात नेमकं काय लिहून घेतलंत?