मदत हवी आहे: जुनी कॅम्पर व्हॅन घेतोय, चालूच होत नाहीये

भटक्या_बाणेर
मंडळी, जुनी कॅम्पर व्हॅन घेतोय. पौडच्या पुढे एका फार्महाउसवर उभी आहे. बघायला गेलो तर चालूच होईना. मालक म्हणतात, उभी राहून राहून अशी झालीय, मेकॅनिक आला की पाच मिनिटांचं काम. बॅटरी नवी आहे, ते मी स्वतः पाहिलंय. आतले दिवे, पंखा, पाण्याचा पंप, छोटा फ्रिज, सगळं मस्त चालतं. दिवाळीत कोकणात न्यायचीय आणि दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे, त्यामुळे रविवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. काय झालं असेल? आणि त्या बाजूला येणारा चांगला मेकॅनिक सुचवा. जरा घाई आहे.

पंपवाला_आप्पा
गाडी कुठली? साल कुठलं? किल्ली मारली की सेल्फ फिरतो, का नुसतं टक होतं, का काहीच नाही? एवढं सांगा, मग बोलू.

भटक्या_बाणेर
फोर्सची ट्रॅव्हलर आहे. लिहिलंय ना, चालू होत नाही. आत दोन बेड, टॉयलेट, ओटा, छपरावर दोन सोलर पॅनेल. लाकूडकाम एकदम फर्स्ट क्लास.

पंपवाला_आप्पा
लाकूडकाम राहू द्या. सेल्फ फिरतो का?

सदाशिव_पेठी
"घेतोय" म्हणजे घेतली, की घ्यायची आहे? प्रश्न साधा आहे. घ्यायची असेल तर उत्तर एका ओळीत आहे: जी गाडी विकणाऱ्याला चालू करून दाखवता येत नाही ती घेऊ नये. मालकाला पाच मिनिटांचं काम वाटतंय तर ती पाच मिनिटं त्याने खर्च करावीत.

भटक्या_बाणेर
टोकन दिलंय. फार नाही.

सदाशिव_पेठी
पावती?

भटक्या_बाणेर
यूपीआयने दिलंय. तो विषय नाहीये आत्ता.

मुक्काम_पोस्ट
आमच्याकडे टाटा विंगरवर केलेली व्हॅन आहे म्हणून सांगते. तुम्ही जी नवी बॅटरी पाहिलीत ती बहुतेक घरच्या वापराची आहे. अशा गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनची, सेल्फ फिरवायला. दुसरी आतल्या संसाराची: दिवे, पंखा, पंप, फ्रिज. दुसरी सोलरवर भरते, म्हणून गाडी वर्षभर उभी असली तरी आत लखलखाट असतो. पहिली फक्त इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवरच्या चार्जिंगच्या डायनामोवर, भरते. दोघींच्या मध्ये त्यांना वेगळं ठेवणारा आयसोलेटर नाहीतर रिले असतो, तो मुद्दामच असा लावतात की रात्री पंखा चालवून सकाळी सेल्फ बंद पडू नये. म्हणजे आतला फ्रिज चालतोय यावरून इंजिनच्या बॅटरीबद्दल काहीही कळत नाही. तुम्ही हॉर्न वाजवून बघितलात का? हेडलाइट? ते इंजिनच्या बॅटरीवर असतात.

भटक्या_बाणेर
शेतात उभ्या गाडीचा हॉर्न कशाला वाजवू? बरं, मालकांना फोन करून वाजवायला सांगतो.

हायवे_गप्पा
काही नाही हो, चार माणसं लावा आणि सेकंड गिअरमध्ये धक्का मारा. आमची जीप आयुष्यभर अशीच चालू झाली.

पंपवाला_आप्पा
जीप आणि ट्रॅव्हलर यात फरक आहे. आत बेड, ओटा, पाण्याची टाकी धरून ही तीन टनांच्या पुढे जाते. चार माणसांत ती खड्ड्यातून हलणारही नाही. आणि चुकून उतारावर हलली तर इंजिन बंद असल्याने ब्रेकचा बूस्टर नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. टोचन लावून पिरंगुट घाटातून आणायचा विचारही करू नका. आणायचीच तर फ्लॅटबेडवर.

जुना_चक्रधर
एअर फिल्टर काढा, पेट्रोलमध्ये बोळा भिजवून तोंडाशी धरा आणि सेल्फ मारा. शंभर टक्के उचलेल. आम्ही मॅटॅडोर असतानापासून हेच करतो.

मुक्काम_पोस्ट
कृपा करून कुणी हे करू नका!! डिझेल इंजिनात हीटर प्लग तापलेले असतात, वाफ अवेळी पेटते, रिंगा आणि पिस्टन जातात. शिवाय ही कॅम्पर आहे, आत गॅसचा सिलेंडर असणार. त्याच्याशेजारी पेट्रोलचा बोळा?

जुना_चक्रधर
आमचं कधी काही पेटलं नाही. हल्लीच्या लोकांना सगळ्याची भीती. बाय द वे, या ट्रॅव्हलरचं २.६ लिटरचं इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं आहे. आकुर्डीला बजाज टेम्पो होती तेव्हापासून. २००५ मध्ये नाव बदलून फोर्स झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून टेम्पोच. तीनचाकी हॅन्सीट कुणाला आठवते का? मंडईत गाजराच्या गोण्या घेऊन यायची.

हायवे_गप्पा
हॅन्सीट! आमच्या वाड्यासमोर एक उभी असायची. पुढच्या चाकावर इंजिन, आवाज पार टिळक रोडपर्यंत.

सदाशिव_पेठी
गाजरांसाठी वेगळा धागा काढा.

भटक्या_बाणेर
हॉर्न वाजत नाही. हेडलाइट पण नाहीत. मालक म्हणतात फ्यूज उडाला असेल.

पंपवाला_आप्पा
हॉर्न, हेडलाइट, सेल्फ, तिन्ही एकदम? बॅटरी बसलीय, नाहीतर तिची अर्थिंगची पट्टी सुटलीय. मल्टिमीटर घेऊन जा. भरलेली बॅटरी काही चालू नसताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर समजा संपली. जंप लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून, चालू झालं तरी महिनोन्‌महिने रिकामी पडलेली बॅटरी पुन्हा नीट धरत नाही, आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं. नवी धरूनच हिशेब करा. जंप लावताना लाल ते लाल, आणि काळा शेवटी, बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी नको.

कलम_कट्टा
लायसन्सची चिंता करू नका. ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, पिवळी पाटी असली तरी. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा ६ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे.

भटक्या_बाणेर
लायसन्सचं कुणी विचारलं?

कलम_कट्टा
मग जे विचारायला हवं होतं ते मी विचारतो. पाटी पांढरी आहे की पिवळी? आरसीवर वाहन वर्ग काय लिहिलाय? कॅम्पर व्हॅन किंवा मोटार कॅराव्हॅन असं नसेल, तर आतलं सगळं लाकूडकाम कागदावर अस्तित्वातच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच काढेल. मोटार कॅराव्हॅनला स्वतंत्र मानक आहे, एआयएस-१२४. कोपऱ्यावरच्या सुताराने बेड ठोकले म्हणजे कॅराव्हॅन होत नाही.

हायवे_गप्पा
अहो पण महाराष्ट्र सरकारने २०२१ ला कॅराव्हॅन धोरण आणलंय ना? आता हे सगळं सोपं झालं असेल.

कलम_कट्टा
ते पर्यटन व्यवसायासाठी आहे. त्याने न नोंदवलेला बदल आपोआप नोंदला जात नाही.

निवांत_नळस्टॉप
मला एक कळत नाही, एवढा खटाटोप करून रात्री झोपायचं पार्किंगमध्येच ना? कोकणात घरगुती राहण्याची इतकी छान सोय होते. सकाळी घावणे, रात्री सोलकढी. गाडीत कोण करणार हे सगळं?

मुक्काम_पोस्ट
करणाऱ्याला करू द्या की.

भटक्या_बाणेर
अपडेट. वायरमनला घेऊन गेलो होतो. इंजिनची बॅटरी वेगळीच निघाली, चार-साडेचार व्होल्ट फक्त. त्याच्या गाडीवरून जंप दिला. सेल्फ जोरात फिरतो. पण इंजिन उचलत नाही. आता वायरमन म्हणतो माझं काम संपलं, डिझेलवाल्याला बोलवा. मालक म्हणतात बघा, मी म्हटलंच होतं बॅटरी आहे. रविवार जवळ आलाय.

पंपवाला_आप्पा
आता खरं बोलता येईल. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, हीटर बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही.

भटक्या_बाणेर
धूर नाही. टाकीत डिझेल आहे, काटा अर्ध्यावर होता.

जुना_चक्रधर
हवा धरलीय. चारही नोझलचे नट सैल करा, सेल्फ मारत राहा, डिझेल उडायला लागलं की आवळा. दहा मिनिटं.

इंजेक्टर_पुराण
थांबा! साल आणि बीएस, म्हणजे प्रदूषणाचं मानक, कळल्याशिवाय हे करू नका. जुन्या पंपाच्या गाडीला ठीक आहे. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणारी पद्धत, असेल तर रेलमध्ये हजार बारच्या पुढे दाब जातो. ती बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही फोडून आत शिरते, बोट कापायची पाळी येऊ शकते. आप्पांनी पहिल्याच प्रतिसादात साल विचारलं होतं, ते अजून आलेलं नाही.

जुना_चक्रधर
आम्ही कातडी फोडून घेतली नाही कधी.

इंजेक्टर_पुराण
तुमच्या मॅटॅडोरला रेल नव्हती, काका.

भटक्या_बाणेर
साल २०१४. कोल्हापूर पासिंग, एमएच-०९. बीएस बद्दल आरसीवर तीन लिहिलंय असं मालक म्हणाले. आरसी मी बघितली नाही, घरी आहे म्हणतात.

इंजेक्टर_पुराण
पुण्यात २०१० पासून बीएस-४ होतं, पण देशभर २०१७ ला झालं, त्यामुळे कोल्हापूरची २०१४ ची गाडी बीएस-३ असू शकते. तरी ऐकीव माहितीवर पाना लावू नका. बॉनेट उघडून बघा. पंपातून चार बारीक लोखंडी पाइप निघून सरळ चार नोझलना जात असतील तर जुनी पद्धत. सगळे पाइप आधी एका जाड आडव्या नळीवर येत असतील तर ती रेल, हात लावू नका, स्कॅनर असलेल्या माणसाला बोलवा.

पंपवाला_आप्पा
आणि नोझलपर्यंत जायच्या आधी फिल्टरपाशी बघा. हातपंप असतो, तो दाबत राहा, कडक झाला पाहिजे. नुसता पोकळ लागत असेल तर टाकीकडून हवा घेतोय. फिल्टरखालचा स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात काढा. पाणी डिझेलच्या खाली बसतं, लगेच दिसतं. अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर गाडी उभी असेल तर वरच्या रिकाम्या जागेत बाष्प धरतं आणि पाणी साठतं. किल्ली फिरवल्यावर पंपापाशी टक ऐकू येतं का तेही बघा, डिझेल बंद करणारा सोलेनॉइड तिथे असेल तर. त्याची वायर उंदराने खाल्लेली असते, शेतातल्या गाडीत तर हमखास.

निवांत_नळस्टॉप
उंदीर!

सदाशिव_पेठी
आरसी न बघता टोकन. बरं.

भटक्या_बाणेर
अपडेट २. डिझेल पंपाचं काम करणारा एक माणूस पिरंगुटहून नेला. चार पाइपवालीच निघाली. फिल्टरमधून निम्मं पाणी, निम्मा काळा गाळ. टाकीतलं सगळं काढून टाकलं, फिल्टर नवा, हातपंपाने हवा काढली. दोन-तीनदा सेल्फ मारला आणि गाडी चालू!! आधी पांढरा ढग, मग साफ. आवाज एकदम गोल. अल्टरनेटर १४ च्या जवळ चार्ज देतोय. आप्पा, मुक्काम_पोस्ट, तुमचे आभार. आता नवीन अडचण. मालक म्हणतात, गाडी चालू झाली म्हणजे ठरलेल्या किमतीत सूट नाही, आणि बॅटरी व आजचा खर्च पण माझ्याकडे.

सदाशिव_पेठी
दुसऱ्याची गाडी स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून त्याच्याकडून चढ्या भावाने घ्यायची. चालू द्या.

कलम_कट्टा
भाव नंतर. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. फिटनेस, टॅक्स, विमा, बोजा, सगळं दिसतं.

भटक्या_बाणेर
टाकला. मालक म्हणून दुसरंच नाव दाखवतंय, अर्धवट झाकलेलं. वर्ग मॅक्सी कॅब, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी. फिटनेस दीड वर्षापूर्वी संपलेला. फायनान्सरचं नाव आहे.

कलम_कट्टा
म्हणजे, एक: विकणारा हा कागदावरचा मालक नाही. दोन: कर्जाचा बोजा उतरलेला नाही, फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आणि बँकेची एनओसी आल्याशिवाय ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून उपयोग नाही. तीन: आठ वर्षांपुढच्या परिवहन गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, तो नाही, म्हणजे चालू झाली तरी पौडहून चांदणी चौकात आणता येत नाही. चार: बेड, टॉयलेट कागदावर नाहीत.

भटक्या_बाणेर
मालक म्हणतात पहिल्या मालकाच्या सह्या घेतलेले कोरे फॉर्म त्यांच्याकडे आहेत. त्यावर काम होतं म्हणे.

कलम_कट्टा
ट्रान्सफर आता ओटीपीवर होतं. कोरा फॉर्म ओटीपी पाठवत नाही. पहिल्या मालकाला घेऊन या म्हणावं, बँकेचं पत्र दाखवा म्हणावं. तोपर्यंत एक रुपया देऊ नका.

मुक्काम_पोस्ट
आणि तुम्ही घातलेला फिल्टर, डिझेल, मजुरी यांची बिलं जपून ठेवा. टोकन परत मागताना व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा, फोनवर नको.

पंपवाला_आप्पा
गाडी चांगली आहे हो. कागद झाले तर घ्या. तोवर इंजिनच्या बॅटरीचा मायनस काढून ठेवायला सांगा त्यांना, नाहीतर पुन्हा बसेल.

भटक्या_बाणेर
पहिले मालक इचलकरंजीला असतात असं कळलं. उद्या फोन करतो. दुसरं गिऱ्हाईक कालच येऊन बघून गेलं म्हणे, त्याला पण चालू करून दाखवली.

सदाशिव_पेठी
तुमच्या डिझेलवर.

रात्रपाळी_हडपसर
वरचे प्रतिसाद वाचले नाहीत, पण बॅटरी एकदा चेक करून बघा.