हॅलोवीनच्या दिवसांत थीम पार्क : तुम्ही कोणतं तिकीट काढलंत?

ऑगस्ट उजाडला की आमच्या व्हॉट्सॲप गटावर हा प्रश्न फिरू लागतो. ऑक्टोबरात हवा बरी असते, मुलांना एखादी जोडून सुट्टी मिळते, पण तिकिटांचा गुंता नेमका याच दिवसांत वाढतो. दिवसाचं तिकीट वेगळं, हॅलोवीनच्या रात्रीचं वेगळं, रांग चुकवायचा पास आणखी वेगळा. काही पार्कांत हेच सगळं एका तिकिटात मिळतं. जाऊन आलेल्यांनी इथे लिहा : बरोबर कोण होतं, काय घेतलं, कशाचे पैसे वसूल झाले, कशाचे पाण्यात गेले. ‘खूप मजा आली’ एवढ्यावर थांबू नका, ते फोटोंवरून कळतं.

अटलांटाहून

आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कमधली ‘मिकीज नॉट-सो-स्केरी हॅलोवीन पार्टी’ घेतली. हिचं तिकीट पूर्ण वेगळं आणि ठरावीक रात्रीचंच असतं. २०२५ मध्ये ते ११९ डॉलरपासून सुरू होऊन खुद्द ३१ ऑक्टोबरला २२९ पर्यंत चढलं होतं. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना दहा डॉलर कमी, तिनाखालच्यांना फुकट. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या मधल्या वारांच्या रात्री स्वस्त पडतात आणि कार्यक्रम तोच असतो.

आमचा सगळा हिशोब वेळेवर बेतलेला होता. पार्टी सातला सुरू होऊन बाराला संपते, पण या तिकिटावर दुपारी चारपासून आत सोडतात. सकाळी विमान उतरलं, हॉटेलात सामान टाकलं, सासूबाईंनी जरा पाठ टेकली आणि चारला आम्ही गेटवर हजर. त्या दिवसाचं नेहमीचं तिकीट काढावंच लागलं नाही. मनगटावर पट्टा बांधून आत गेलं की आठ तास पार्क आपला.

मिरवणुकीच्या आधी बिनमुंडक्याचा घोडेस्वार दौडत जातो (रस्ता ओला असेल तर तो येत नाही). मिरवणुकीत पुढे थडगी खोदणारे लोक फावडी रस्त्यावर घासत येतात, त्यांतून खरोखरच्या ठिणग्या उडतात. लेक माझ्या मानेला घट्ट बिलगली. सासूबाई म्हणाल्या, “परत येतात का गं हे?” येतात. अकरानंतर दुसरी मिरवणूक असते आणि तोवर लहान मुलांची बरीच घरं परतलेली असतात, त्यामुळे पुढची जागा सहज मिळते.

शाकाहारी मंडळींसाठी : पार्टीत वाटल्या जाणाऱ्या चघळायच्या बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन असतं. हॉटेलवर पलंगावर दोन ढीग केले; नको तो ढीग रिसेप्शनवरच्या मुलीला दिला, ती खूश.

डलासहून

मी नेमकं उलट सांगते. पार्टीचं तिकीट घेऊ नका, पण पार्टीच्याच दिवशी दिवसाचं तिकीट काढून जा. त्या दिवशी पार्टीवाले सोडून बाकीच्यांना सहाला बाहेर काढतात, म्हणून बरेच लोक तो दिवस टाळतात आणि रांगा आखूड होतात. रात्रीची आतषबाजी मात्र हुकते. ती हवीच असेल तर पार्टी नसलेला दिवस धरा आणि गर्दी गळ्यापर्यंत येणार हेही धरा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्टीत तर कुठलीच युक्ती चालत नाही.

टँपाहून

युनिव्हर्सल ऑर्लँडोचं ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ १९९१ पासून चालू आहे, तेव्हा त्याचं नाव ‘फ्राइट नाइट्स’ होतं. मॅजिक किंगडमसारखं काही तिथे शोधू नका. तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं ते स्वतःच सांगतात, वेशभूषेला आणि मुखवट्यांना बंदी. मी कॉलेजातल्या भाच्याबरोबर गेलो. गेटातून जरा आत गेलो नाही तोच धुरातून चेनसॉ घेतलेला बाबा निघाला. साखळी काढलेली असते, पण आवाज अस्सल. भाचा, वजन पंचाऐंशी किलो, माझ्या पाठीमागे.

आता पैशांचं. दिवसाच्या तिकिटावर रात्री राहता येत नाही. स्टुडिओ पार्क पाचला रिकामं करतात आणि कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो. दोन्ही तिकिटं असतील तर मात्र पाचला बाहेर न जाता आतल्याच ठरवून दिलेल्या भागात थांबता येतं. तिथून काही भुताटकीची घरं साडेसहाच्या आधीच उघडतात. एकूण घरं दहा. शनिवारी एकेका घराला तास-दीड तास सहज जातो, त्यामुळे बाहेरचे लोक येईपर्यंत दोन-तीन घरं उरकली की निम्मी लढाई जिंकली. आम्ही एक्स्प्रेस, म्हणजे रांग चुकवायचा पास, न घेता याच्याच जोरावर बुधवारी बहुतेक घरं पाहिली. एक्स्प्रेस बऱ्याच रात्री मूळ तिकिटाहून महाग असतो आणि महागड्या हॉटेलांबरोबर फुकट मिळणारा एक्स्प्रेस या रात्रींना चालत नाही, हे बुकिंगआधी डोक्यात ठेवा. शुक्रवार-शनिवार सोडून दुसरी रात्र मिळत नसेल तर एक्स्प्रेसचा खर्च मला पटतो, नाहीतर नाही.

घरात लहान मूल असेल तर युनिव्हर्सलचंच शेजारचं पार्क, आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर, त्या रात्री नेहमीसारखं असतं. बायको धाकटीला घेऊन तिकडे गेली. भांडण नाही, तक्रार नाही.

शार्लटहून

कोणी वादळाचं लिहिलं नाही. मिल्टन ९ ऑक्टोबर २०२४ ला फ्लोरिडावर आदळलं, दुसऱ्या दिवशी डिस्नीचे पार्क बंद. रात्रीची तिकिटं तारखेला बांधलेली असतात, म्हणून ती सहलीच्या पहिल्या रात्रींपैकी घ्यावीत, पुढे सरकायला जागा राहते. विमान आणि हॉटेल रद्द करता येणारंच घ्या. वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो.

एडिसनहून

एवढ्या लांब जायचंच कशाला? पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीपार्कमध्ये हॅलोवीन दिवसाच्याच तिकिटात असतं. राइड्स अंधारात चालतात, शेजारचं प्राणिसंग्रहालयही त्यातच. तिथे रात्री जाताना विजेरी न्या. पोरांनी घुबडापेक्षा एकमेकांच्या तोंडावरच जास्त मारली. २०२२ पासून ‘डार्क नाइट्स’ची भुताटकीची घरं सुरू झाली, त्यांचे पैसे वेगळे. आम्ही ती सोडली. शरद ऋतूत पार्क मुख्यतः शनिवार-रविवारी चालू असतं, तारीख पाहून निघा.

डिस्नीच करायचं असेल तर जर्सीकरांनो, शिक्षक अधिवेशनाच्या नोव्हेंबरच्या सुट्टीत अख्खं एडिसन तिथे भेटतं आणि हॅलोवीन तोवर संपलेलं असतं.

अर्व्हाइनहून

कॅलिफोर्नियात पार्टी डिस्नीलँडमध्ये नसून शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये होते : ‘ऊगी बूगी बॅश’, २०१९ पासून. विक्रीच्या दिवशी ऑनलाइन रांगेत तासन्‌तास काढावे लागतात, लॅपटॉप उघडा ठेवून वरणाला फोडणी द्यायची. नाही मिळालं तर जीव जाळू नका. डिस्नीलँडमधली भुतांच्या वाड्याची राइड, हाँटेड मॅन्शन, २००१ पासून दर हंगामात वेगळ्या सजावटीत असते आणि ती साध्या तिकिटात येते. नॉट्स बेरी फार्म या पार्कचं ‘स्केरी फार्म’ तर १९७३ पासूनचं, पण तिथे वार्षिक पास दाखवून आत शिरता येत नाही. वेगळं तिकीट.

सिंगापूरहून

भारतातून दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना सांगते. सेंटोसाच्या युनिव्हर्सलमध्येही हॉरर नाइट्स असतात, २०११ मध्ये सुरू झाल्या. माझ्या मावसभावाला एका सहल कंपनीने ‘हॅलोवीनसकट’ म्हणून पॅकेज विकलं. तिकिटं पाहिली तर नुसती दिवसाची. नशीब, माझ्याकडे आधी उतरले, म्हणून रात्रीची वेळेत काढता आली. पॅकेज घेताना तिकिटावरच्या कार्यक्रमाचं नाव आणि आत जायची वेळ लेखी मागून घ्या.

योकोहामाहून

इथे हिशोब सोपा. टोक्यो डिस्नीलँडचं हॅलोवीन नेहमीच्याच तिकिटात, एका दिवसाचे ७,९०० ते १०,९०० येन, तारखेप्रमाणे. ठरावीक दिवसांत मोठ्या माणसांनाही नखशिखांत वेश करून येऊ देतात आणि जपानी लोक तो असा करतात की राइडपेक्षा तेच पाहत बसावं. ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये संध्याकाळी सहानंतर रस्त्यांवर झोंबी सुटतात, तेही दिवसाच्याच तिकिटात. तिथे ज्यांना भीती नको त्यांच्यासाठी झोंबी फिरकत नाहीत असे भाग आहेत. माझे बाबा पाचपासूनच तिथे जागा धरून बसले होते, कॉफी घेऊन.