उतरलेली गाणी परत चढवायची आहेत, स्ट्रीम (किती वेळा ऐकलं तो आकडा) शून्यापासून का?

बीडकडचा पोरगा, मायबाप ऊसतोडीला. मराठवाडी बोलीत रॅप करतो. डिस्ट्रिब्युटरचे (गाणी ॲपवर चढवणाऱ्या कंपनीचे) वर्षाचे पैसे थकले अन् गाणी स्पॉटिफायवरून गेली. यूट्यूबवर एका गाण्यावर कंटेंट आयडी (आवाज आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेमही आहे, म्हणजे दुसऱ्याचा मालकीदावा. आता काय करावं?

उत्तर १: भाऊ, शून्यापासून नाही. नव्या डिस्ट्रिब्युटरकडं तोच आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा 12 अक्षरी ओळख-कोड), तीच ऑडिओ फाईल, तेच नाव द्या. आकडे बहुतेकदा जुळतात. मिक्स बदलला तर मात्र नवा कोड. जुने कोड आजच लिहून ठेवा.

उत्तर २: क्लेम म्हणजे स्ट्राइक (नियमभंगाची ताकीद) नव्हे, चॅनल जात नाही. लीजवरची (भाड्यानं घेतलेली) बीट, म्हणजे रॅपमागचं तयार संगीत, अनेकांकडं असते. एकानं कंटेंट आयडीत नोंदवली की बाकीच्यांवर क्लेम येतो. लीजची पावती दाखवून डिस्प्यूट (हरकत) करा, दावेदाराला उत्तराला 30 दिवस असतात. पुढच्या गाण्याला बीट एक्सक्लुसिव्हच (फक्त आपल्यालाच दिलेली) घ्या, किंवा गावच्याच हलगीवाल्याकडून वाजवून घ्या.

उत्तर ३: नवं गाणं तारखेच्या 3-4 आठवडे आधी अपलोड करा. स्पॉटिफायला पिच (प्लेलिस्टसाठी गाणं सुचवणं) किमान 7 दिवस आधी लागतं. अन् बोली घासू नका! ‘कामून’चं ‘का’ केलं की मात्रा तुटते, यमक जातं.