मदत हवी आहे: मागची अ‍ॅप्स बंद केली की आईचा गोळ्यांचा रिमाइंडर वाजत नाही

नमस्कार मंडळी,

आई ६९ वर्षांची, कराडला एकटी असते. मी पुण्यात. तिला सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि रात्री जेवणानंतर बीपीची. दिवाळीत घरी गेले तेव्हा तिच्या फोनमध्ये गोळ्यांची आठवण करून देणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. फोन अँड्रॉइड १३ चा, रॅम ४ जीबी. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, लागलं तर व्यक्तिगत निरोपात सांगते.

पहिले आठ-दहा दिवस नीट वाजलं. मग कधी वाजायचं, कधी नाही. गेल्या रविवारी गेले तर बीपीच्या स्ट्रिपमध्ये चार गोळ्या जास्तीच्या निघाल्या. विचारलं तर म्हणाली, "अगं, ते वाजलंच नाही. मला वाटलं घेतली असेल." पोटात गोळाच आला. डॉक्टरांना लगेच फोन केला. चुकली म्हणून पुढची दुप्पट घ्यायची नाही, एवढं त्यांनी बजावलं.

दोन दिवस राहिले आणि ती फोन कसा वापरते ते नुसतं बघत बसले. व्हॉट्सअ‍ॅप बघून झालं की खालचं चौकोनी बटण दाबते. उघडलेल्या अ‍ॅपची कार्डं ओळीने येतात. एकेक कार्ड अंगठ्याने वर सारते, स्क्रीन रिकामी झाली की मगच चष्मा काढते. रात्री ओटा पुसून गॅसचं बटण चाचपावं, तितक्याच काळजीने. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने तिला सांगितलंय, "काकू, मागं अ‍ॅप उघडी राहिली की बॅटरी खातात."

मग मी पाच-पाच मिनिटांनी रिमाइंडर लावून पाहिला. अ‍ॅप उघडं ठेवलं, वाजला. होम बटण दाबून बाहेर आले, वाजला. कार्ड वर सारलं, गप्प. तीनदा केलं, तिन्ही वेळा गप्प. तेच अ‍ॅप माझ्या फोनवर (कंपनी वेगळी) टाकून कार्ड सारलं, तर वाजतं! अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' केली आहे, नोटिफिकेशन चालू आहेत, 'अलार्म आणि रिमाइंडर'ची परवानगीही दिली आहे. तरी फरक नाही.

कार्ड सारणं आणि सेटिंगमधून 'फोर्स स्टॉप' करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं वाचून कळलं. फोर्स स्टॉप केलं की अ‍ॅपने लावलेले गजर रद्द होतात आणि अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत लागत नाहीत. मग आईच्या फोनमध्ये नुसतं कार्ड सारल्यावर तसं का होतं? आणि तिची सवय न मोडता हे सुटेल का? या वयात तिला रोज "हे करू नकोस, ते करू नकोस" म्हणायचं माझ्या जिवावर येतं.

प्रतिसाद

ताई, निदान बरोबर केलंत. मूळ अँड्रॉइडमध्ये कार्ड सारलं म्हणून गजर रद्द होत नाही. पण काही कंपन्या बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःची कडक व्यवस्था घालतात. तिथे कार्ड सारणं म्हणजे जवळपास फोर्स स्टॉपच.

सेटिंगमध्ये 'ऑटोस्टार्ट' (अ‍ॅपला आपोआप सुरू होऊ देणारी परवानगी) शोधा आणि या अ‍ॅपला परवानगी द्या. मग कार्डांच्या स्क्रीनवर त्या अ‍ॅपचं कार्ड दाबून धरा. कुलूप दिसलं तर लावा. 'सगळं बंद करा' दाबलं तरी कुलूपवालं कार्ड सहसा राहतं. पण एकेक कार्ड सारल्यावर राहतं का, ते त्याच फोनवर तपासा.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे फोनमधलं घड्याळ. त्यातल्या गजराला गोळीचं नाव देता येतं आणि सगळे वार निवडले की तो रोज लागतो.

बॅटरीचं म्हणाल तर मागच्या अ‍ॅपना आवरायला अँड्रॉइड समर्थ आहे. फोन नुसता पडून असला की त्यांना निजवणारं 'डोझ' २०१५ पासून, अँड्रॉइड ६ मध्ये आलं. रॅम कमी पडली की जुनी अ‍ॅप्स अँड्रॉइड आपणहून मेमरीतून काढतं. उलट बंद केलेलं अ‍ॅप पहिल्यापासून उघडायला प्रोसेसरला जास्त काम पडतं. तेव्हा गूगलमध्ये अँड्रॉइडचे प्रमुख असलेले हिरोशी लॉकहायमर आणि अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर-प्रमुख क्रेग फेडरिगी, दोघांनीही २०१६ मध्ये बॅटरीसाठी अ‍ॅप बंद करायची गरज नाही असंच सांगितलं होतं. अ‍ॅप अडकलं, हँग झालं, तर जरूर बंद करावं. एरवी बॅटरी खाते ती जास्त करून स्क्रीन आणि कमजोर रेंज. काकूंच्या फोनमध्ये 'बॅटरी वापर' उघडून दाखवा, त्यांना स्वतःच दिसेल.

धागाकर्ती

मनापासून आभार! शनिवारी परत कराडला जाऊन आले. ऑटोस्टार्ट दिलं, कुलूपही लावलं, पण एकेकटं कार्ड सारलं की अ‍ॅप तरीही गप्पच. म्हणून घड्याळात दोन गजर लावले, 'थायरॉइड, उपाशीपोटी' आणि 'बीपी, जेवणानंतर'. आईसमोर सगळी कार्डं सारून टाकली आणि दोघी फोनकडे बघत बसलो. वाजला! "म्हणजे मी मागचं आवरलं तरी हा वाजणार ना?" तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

'बॅटरी वापर'ही दाखवला. पहिल्या नंबरवर स्क्रीन. तो उजेड तिने स्वतःच अर्ध्यावर आणला.

एक राहिलं. गजर वाजतो, पण गोळी घेतली की नाही ते मला पुण्यात कळत नाही. त्या अ‍ॅपमध्ये ती टिक करायची आणि मला दिसायचं. रोज सकाळी फोन करून "घेतलीस का?" विचारते, पण तिला ते पाळत ठेवल्यासारखं वाटू नये असं फार वाटतं. तुमच्यापैकी कुणाचे आईवडील असे लांब असतील तर तुम्ही काय करता?