मदत हवी आहे : आईवडिलांचा पहिला परदेश प्रवास आणि आईच्या दोन जन्मतारखा

नमस्कार. माझा भाऊ नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. वहिनीचे बाळंतपण २०२६ च्या जूनअखेरीस अपेक्षित असून त्या वेळी आमच्या आईवडिलांनी तिथे असावे, अशी सगळ्यांचीच इच्छा आहे. दोघांनीही आजवर विमानात पाऊल ठेवलेले नाही आणि दोघांकडेही पासपोर्ट नाही. ते कागल तालुक्यातील आमच्या गावी राहतात, मी पुण्यात असते आणि कागदपत्रांची सर्व जबाबदारी माझ्याकडे आहे.

मुख्य अडचण आईची आहे. तिच्या चौथीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६२ अशी आहे. (त्या पिढीतले आमचे निम्मे गाव १ जूनलाच जन्मले आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख लिहिली.) आधार काढताना मात्र दाखला हाताशी नव्हता, तिने अंदाजे वय सांगितले आणि कार्डावर १ जानेवारी १९६४ छापून आले. पुढे पॅन आधारवरून काढल्यामुळे तिथेही तीच तारीख गेली. भरीस भर म्हणजे दाखल्यावर माहेरचे नाव आहे, आधारवर पतीचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, नाव ‘वसंतराव’ आहे आणि पॅनवर नुसते ‘वसंत’. त्यांच्या लग्नाची नोंदणी कधी झालेलीच नाही.

तालुक्याच्या गावी एका एजंटाने ‘काही होत नाही, आहे त्याच कागदांवर अर्ज भरू आणि दोघांनाही दहावी पास दाखवू’ असे सांगितले. वडील सातवीपर्यंत शिकले आहेत. खोटी माहिती द्यायची नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. पण दहावी नसल्यास पासपोर्टवर जो ईसीआरचा (परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी आवश्यक, असा) शिक्का असतो, त्यामुळे पुढे अडवणूक होते का?

व्हिसाबाबत दोन शंका आहेत. वडिलांचे उत्पन्न केवळ शेतीचे असल्याने त्यांनी कधी आयकर विवरणपत्र भरलेले नाही, मग उत्पन्नाचा पुरावा म्हणून काय जोडावे? दुसरे असे की, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि शेतातल्या कामाने आईचे ठसे इतके झिजले आहेत की रेशन दुकानातील यंत्रही ते दहादा नाकारते. भावाची इच्छा त्यांनी चार महिने राहावे अशी आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मागील वर्षी माझ्या सासूसासऱ्यांचा याच प्रकारचा प्रवास झाला, त्यावरून लिहितो. घाईने पासपोर्टचा अर्ज करू नका. आधी तुमच्या भावाच्या पासपोर्टचे शेवटचे पान पाहा. तिथे आईवडिलांची नावे छापलेली असतात आणि व्हिसाच्या वेळी नाते दाखवायला तेच पान उपयोगी पडते. त्यावर ‘वसंत’ असेल, तर आईच्या आधारवरही ‘वसंत’ करून घ्या आणि स्पेलिंगचे एकेक अक्षर जुळवा. जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला हा तुमच्याकडचा सर्वांत जुना कागद आहे, म्हणून बाकीचे कागद त्याच्याकडे वळवणे मला योग्य वाटते. मात्र आधारवरील जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा केंद्रावर कोणते पुरावे चालतात याची यादी आधी वाचा आणि मगच जा. आधारनंतर पॅन आणि सर्वांत शेवटी पासपोर्ट, असा क्रम ठेवा. विवाह प्रमाणपत्राची सक्ती पासपोर्टसाठी २०१६ च्या अखेरीस रद्द झाली आहे.

ईसीआरची चिंता सोडा. पन्नास वर्षांवरील व्यक्तींना तो लागू होत नाही आणि ज्यांना होतो, त्यांनाही केवळ १८ ठरावीक देशांत नोकरीसाठी जातानाच परवानगी घ्यावी लागते. ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे आणि साठीवरील अर्जदारांना १० टक्के सवलत मिळते, म्हणजे प्रत्येकी १३५०. अर्ज कोल्हापूरच्या टपाल कार्यालयातील केंद्रात करा. पुण्यातही करता येईल, पण पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते आणि त्या वेळी दोघे गावातच असलेले बरे.

व्हिसासाठी भावाला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाची औपचारिक हमी लिहून द्यावी लागेल, जिला जर्मन भाषेत ‘फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. तिची मूळ प्रत कुरियरने मागवा. ही हमी असली म्हणजे पैशांचा प्रश्न बराचसा मिटतो, पण दोघे परत येतील हे दाखवणे उरतेच आणि तिथे शेती कामी येते. सातबारा, आठ अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), ऊस घातला असल्यास कारखान्याच्या बिलांच्या पावत्या, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खातेउतारे जोडा. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घ्या. शेती उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्र नाही, हे सोबतच्या पत्रात एका वाक्यात स्पष्ट लिहा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि व्हिसा शुल्क प्रत्येकी ९० युरो आहे.

ठशांसाठी आदल्या आठवड्यात रोज रात्री हातांना खोबरेल तेल लावायला सांगा आणि ठसे द्यायच्या दिवशी हात साबणाने धुऊन जाऊ द्या. माझ्या सासूबाईंचे ठसे तिसऱ्या प्रयत्नात उमटले. ज्यांचे ठसे घेणे शारीरिकदृष्ट्या अशक्य असते, त्यांना नियमातच सूट आहे. वडील टोपी वापरत असतील, तर फोटोसाठी ती काढावी लागेल, हे आधीच कानावर घाला. आमच्या घरी सर्वांत मोठा वाद त्यावरूनच झाला होता.

चार महिने मात्र शक्य नाहीत. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक अल्पकालीन व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरतात. १० जूनला उतरल्यास ७ सप्टेंबर हा नव्वदावा दिवस होतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो.

धागाकर्तीकडून :

मनःपूर्वक आभार. भावाच्या पासपोर्टवर आईच्या नावात ‘वसंत’ आहे, म्हणजे आधार केंद्राची फेरी आलीच. ७ सप्टेंबर ही तारीख ऐकून वडील उलट खूशच झाले, कारण गणपती १४ तारखेला बसतात आणि तोवर त्यांना घरी यायचेच होते.